विश्लेषण : कागद कारखान्यातील यंत्र थांबले की धोका का वाढतो?

कुही, उमरेड, भिवापूर, मौदा या पट्ट्यातील घरांना कारखान्यातील अपघात नवे नाहीत. ११ एप्रिल २०२५ रोजी उमरेड औद्योगिक वसाहतीतील अॅल्युमिनियम कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचा जीव गेला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगाव, जून २०२४ मध्ये धामणा आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळील जवाहरनगर येथे दारूगोळा व स्फोटकांच्या कारखान्यांत स्फोट झाले. स्फोट झाला की त्याचा आवाज दूरवर जातो. नेते येतात, मदत जाहीर होते, चौकशी बसते.

कागद कारखान्यातील अपघात बहुतेक वेळा असा आवाज करत नाही. टाकीत उतरलेला कामगार वर येत नाही. त्याला काढायला गेलेला दुसराही आतच कोसळतो. कुणाचा हात दोन रोलांच्या मध्ये जातो. एकेका कामगाराचा हा अपघात चार ओळींच्या बातमीत संपतो.

या उद्योगातील गाजलेल्या दुर्घटना एकापुढे एक ठेवल्या, तर एक समान धागा दिसतो. त्यातील अनेक घटना उत्पादन जोरात सुरू असताना घडलेल्या नाहीत. यंत्र बंद होते, सफाई किंवा दुरुस्ती सुरू होती, किंवा कारखाना पुन्हा सुरू करण्याची तयारी चालली होती. असे का होते, कायदा काय सांगतो आणि कामगाराने काय विचारायला हवे, याचा हा आढावा.

कुहीशी याचा संबंध काय?

नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कुही हा मुख्यतः शेतीचा तालुका आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात शेती आणि गाव गेलेली कुटुंबे या तालुक्यात आहेत. शेतीवर भागत नाही, म्हणून इथले तरुण उमरेड, बुटीबोरी, हिंगणा, मौदा या भागांतील कारखान्यांची वाट धरतात. अनेकांची पहिली नोकरी थेट कंपनीत नसते, ती ठेकेदारामार्फत असते. कोणत्या विभागात काम मिळेल, हे फाटकावर गेल्यावर कळते.

विदर्भाला कागद उद्योगही परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद गिरणीचा इतिहास १९४५ पासूनचा आहे. करमचंद थापर यांच्या उद्योगसमूहाने ती उभारली आणि परिसरातील बांबूवर ती वाढली. आज देशातील कागद आणि पुठ्ठ्याचा सुमारे ७० टक्क्यांहून अधिक हिस्सा मात्र लाकूड-बांबूपासून तयार होत नाही, तो रद्दीपासून होतो. ऑनलाइन खरेदीचा खोका, वहीचा पुठ्ठा, मिठाईचा डबा यांसाठी लागणारा तपकिरी कागद छोट्या आणि मध्यम गिरण्यांतून येतो. अशा गिरणीत रसायने कमी, म्हणून धोका कमी, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

कागद तयार होतो कसा?

रद्दीचे गठ्ठे पट्ट्यावरून ‘पल्पर’मध्ये पडतात. पल्पर म्हणजे घरातील मिक्सरचे अवाढव्य रूप. पाण्यात रद्दी घुसळून त्याचा लगदा होतो. हा लगदा गाळून मोठ्या हौदांत साठवला जातो. तिथून तो जाळीवर पसरतो, पाणी गळते, मग दाबाच्या रोलांमधून जातो. त्यानंतर वाफेने तापलेल्या लोखंडी सिलिंडरांवरून फिरत तो वाळतो आणि शेवटी मोठ्या रिळावर गुंडाळला जातो.

म्हणजे एका छपराखाली फिरणारी पाती, खोल हौद, वेगाने फिरणारे रोल, दाबाखालची वाफ आणि सुक्या कागदाचे ढीग असे सगळे एकत्र असते. यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा माणूस या सगळ्यापासून बऱ्यापैकी लांब असतो. काही बिघडले, की त्याला जवळ जावे लागते. धोका तिथून वाढतो.

रायगढमध्ये काय घडले?

मे २०२० मधील घटना आहे. करोनाची टाळेबंदी शिथिल होत होती आणि बंद कारखाने पुन्हा सुरू करण्याची घाई होती. छत्तीसगडमधील रायगढ जिल्ह्यात (महाराष्ट्रातील रायगड नव्हे) एका कागद गिरणीत टाकीची सफाई करताना सात कामगार वायूने अत्यवस्थ झाले. त्यांपैकी तिघांची प्रकृती गंभीर होती. ७ मे रोजी ही घटना उघड झाली. त्याच दिवशी पहाटे विशाखापट्टणममध्ये वायुगळती होऊन अनेकांचा बळी गेला होता. देशाचे लक्ष तिकडे होते, त्यामुळे रायगढची बातमी मागे पडली.

कागद उद्योगासाठी मात्र रायगढचा धडा अधिक महत्त्वाचा होता. टाकीला झाकण नव्हते, ती उघडी होती. कुठलाही नळ फुटला नव्हता की सिलिंडर गळत नव्हता. मग वायू आला कुठून?

बंद टाकीत वायू कसा तयार होतो?

लगद्याच्या हौदात तंतू, स्टार्च आणि रद्दीसोबत आलेली घाण असते. कागदावर शाई पसरू नये म्हणून अनेक ठिकाणी फिटकरीच्या जातीचे रसायन, म्हणजे अॅल्युमिनियम सल्फेट वापरतात. यंत्र चालू असते तेव्हा हे पाणी सतत ढवळले जाते आणि त्यात हवा मिसळत राहते. यंत्र थांबले की लगदा तळाशी बसतो. त्यातील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. ते सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतात.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे टाकी वरून उघडी असली तरी तो तळाशी साचून राहतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे बराचसा वायू गाळातच अडकलेला असतो. कामगार आत उतरून गाळावर चालतो, फावडे मारतो किंवा पाण्याचा जोरदार फवारा सोडतो, तेव्हा तो एकदम बाहेर पडतो. वरून केलेल्या तपासणीत हवा ठीक दिसली, तरी पाच मिनिटांनी ती ठीक असेलच असे नाही. म्हणून आत काम चालू असेपर्यंत वायूमापक सुरू ठेवावा लागतो.

सडक्या अंड्यासारखा वास ही या वायूची ओळख. पण वासावर विसंबणे जिवावर बेतू शकते. भारतातील कारखान्यांसाठी आठ तासांच्या कामाला या वायूची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग आहे. सुमारे १०० पीपीएमला नाकाची वास घेण्याची शक्तीच मंदावते. कामगाराला वाटते, वास गेला म्हणजे वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. ५०० ते १,००० पीपीएमच्या दरम्यान माणूस काही मिनिटांत, कधी काही श्वासांतच कोसळतो.

कंदील सोडून का कळत नाही?

विहिरीत उतरण्याआधी कंदील किंवा पेटती मेणबत्ती सोडून पाहण्याची पद्धत गावोगावी माहीत आहे. ज्योत विझली तर आत प्राणवायू नाही, असा त्याचा अर्थ. कागद कारखान्याच्या टाकीत ही युक्ती दोन कारणांनी घातक आहे.

पहिले कारण साध्या गणिताचे. १,००० पीपीएम म्हणजे हवेचा हजारावा भाग. एवढा विषारी वायू आला तरी हवेतील साधारण २१ टक्के प्राणवायूत काहीच फरक पडत नाही. ज्योत छान जळत राहते आणि खाली उतरलेला माणूस मरतो. दुसरे कारण असे की हायड्रोजन सल्फाइड आणि त्याच्यासोबत तयार होणारा मिथेन हे दोन्ही वायू पेट घेतात. अशा ठिकाणी ज्योत सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. त्यामुळे प्राणवायू, विषारी वायू आणि ज्वलनशील वायू या तिन्हींची मोजणी करणारे यंत्र हाच खात्रीचा मार्ग आहे.

वाचवायला गेलेलाच का दगावतो?

अमेरिकेतील ‘नायोश’ या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्ये एक निष्कर्ष मांडला. बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला आत गेलेले होते. चाळीस वर्षे झाली, तरी विहिरी, सेप्टिक टाक्या आणि कारखान्यांतील हौद यांच्या बातम्यांत हेच चित्र दिसते.

साथीदार खाली पडलेला दिसला की माणूस विचार करत नाही, उडी मारतो. आतली हवा मात्र तीच असते. म्हणून सुटकेची सोय उतरण्याआधीच करावी लागते. आत जाणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. तो बेशुद्ध पडला तर त्याला वर ओढायचे, आत जायचे नाही. बाहेर उभा असलेला माणूस हे काम सोडून चहाला गेला तर ही सगळी व्यवस्था कोलमडते.

कागद तुटतो तेव्हा काय होते?

यंत्र थांबण्याचा दुसरा प्रकार दिवसातून अनेकदा घडू शकतो. चालता चालता कागद तुटतो. रोल फिरतच असतात, फक्त त्यांच्यावर कागद नसतो. पुन्हा सुरुवात करायला कागदाची अरुंद पट्टी एका रोलवरून दुसऱ्या रोलपर्यंत न्यावी लागते. आधुनिक यंत्रांत हे काम दोर किंवा हवेचा झोत करतो. जुन्या यंत्रांवर अजूनही हातानेच केले जाते.

इथला धोका आकड्यांत पाहता येतो. यंत्राचा वेग मिनिटाला ३०० मीटर धरला, तर कागद सेकंदाला पाच मीटर पुढे जातो. हात अडकतोय हे लक्षात येऊन तो मागे घ्यायला माणसाला किमान पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात कागद सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. माणसाचा हात पाऊण मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ‘लक्ष ठेवून काम कर’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. कितीही सावध आणि अनुभवी कामगार असला तरी दोन रोलांच्या फटीपुढे तो हरतो. उपाय एकच, हात तिथपर्यंत पोहोचूच नये अशी जाळी किंवा आडोसा. शिवाय यंत्राच्या लांबीभर, हाताला कुठूनही लागेल अशी आपत्कालीन दोरी हवी, जी ओढताच यंत्र थांबते. सैल बाही, गळ्यातला गमछा आणि हातातले कडेही इथे चालत नाही.

अनेकदा कागद वारंवार तुटतो म्हणून जाळी काढून ठेवली जाते, कारण ती काढण्या-लावण्यात वेळ जातो. अपघातानंतरच्या पंचनाम्यात मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे सोपे कारण लिहिले जाते.

बटण कोणाच्या हातात?

पल्परमध्ये तार, प्लास्टिक किंवा चिंध्यांचा गुंता अडकला की कामगाराला आत उतरून तो काढावा लागतो. यंत्र चालू-बंद करण्याचे बटण मात्र वरच्या मजल्यावर किंवा नियंत्रण कक्षात असते. पाळी बदलते. नव्या पाळीतल्या माणसाला आत कुणी आहे याची कल्पना नसते. तो बटण दाबतो.

यावर जगभर मान्य झालेली पद्धत सोपी आहे. यंत्राचा वीजपुरवठा मुख्य खटक्यावर तोडायचा आणि त्या खटक्याला कुलूप लावायचे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे कुलूप वेगळे आणि किल्ली त्याच्याच खिशात. तीन माणसे आत असतील तर तीन कुलुपे. शेवटचा माणूस बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत यंत्र सुरूच होऊ शकत नाही. ज्याचा जीव, त्याचे कुलूप. ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवणे किंवा फोनवर सांगणे हा त्याला पर्याय नाही.

हीच काळजी वाफ आणि पाण्याच्या नळांबाबतही हवी. वाळवणीचे सिलिंडर बंद केल्यावरही काही काळ आत दाब आणि उष्णता राहते. टाकीत माणूस असताना दुसऱ्या विभागाने गरम पाणी किंवा लगदा सोडला तरीही तोच परिणाम होतो.

वेल्डिंगच्या ठिणगीने काय केले?

अमेरिकेतील दोन घटना इथे उपयोगी आहेत, कारण रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाने त्यांचे अहवाल सर्वांसाठी खुले केले. २९ जुलै २००८ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील टोमाहॉक येथे पुठ्ठा गिरणीत वाया गेलेल्या तंतूंच्या टाकीवर वेल्डिंग सुरू होते. टाकीत पाणी आणि कागदाचे तंतू होते, म्हणजे पेटण्यासारखे काही नाही असे वाटत होते. पण जिवाणूंनी आत हायड्रोजन वायू तयार केला होता. स्फोट झाला आणि तीन कामगार ठार झाले.

८ फेब्रुवारी २०१७ रोजी लुइझियाना राज्यातील डिरिडर येथे वार्षिक देखभालीसाठी गिरणी बंद असताना पुन्हा तसेच घडले. टाकीतील ज्वलनशील बाष्पाने पेट घेतला. स्फोटाने अख्खी टाकी उखडली आणि एका उंच इमारतीवरून पलीकडे सुमारे ३७५ फुटांवर जाऊन पडली. त्यात तीन कंत्राटी कामगारांचा मृत्यू झाला, सात जण जखमी झाले.

दोन्ही ठिकाणी यंत्रे आधुनिक होती. वेल्डिंगपूर्वी टाकीतील वायूची मोजणी झाली असती, तर हे टळू शकले असते.

आग, गठ्ठे आणि धूळ

कागद कारखान्याचे आवारही धोक्यापासून मुक्त नसते. मे २०२२ मध्ये बल्लारपूरजवळ कागद गिरणीच्या बांबू-लाकडाच्या डेपोला भीषण आग लागली आणि ती विझवायला आसपासच्या भागांतून बंब आणावे लागले. विदर्भातील मे महिन्याचे ऊन आणि सुका माल एकत्र आले की एक ठिणगी पुरते. रद्दीच्या गोदामात हीच स्थिती असते. एकावर एक रचलेले गठ्ठे कोसळणे, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा धक्का लागणे हे तिथले नेहमीचे धोके.

काही धोके हळूहळू परिणाम करतात. यंत्रांचा सततचा आवाज कानांवर आघात करतो. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा असली, तरी कान गेल्याचे कळते ते काही वर्षांनी. कागदाच्या बारीक धुळीने श्वसनाचा त्रास होतो. कागद पांढरा करण्याच्या विभागात हायपोक्लोराइटमध्ये चुकून आम्ल मिसळले गेले तर क्लोरीन वायू बाहेर पडतो.

कायदा काय सांगत होता?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ‘धोकादायक प्रक्रिया’ असलेल्या उद्योगांची यादी कायद्याला जोडण्यात आली. त्या यादीत लगदा व कागद उद्योग सहाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे ‘आमच्याकडे रद्दीच तर आहे, धोका कसला’ हा युक्तिवाद कायद्याने तेव्हाच फेटाळला आहे.

वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक धोक्यासाठी त्या कायद्यात स्वतंत्र कलम होते. कलम ३६ नुसार टाकी, हौद किंवा खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी आतील वायू काढणे बंधनकारक होते. त्यानंतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र द्यायचे, किंवा आत जाणाऱ्याला श्वसनयंत्र व दोर बांधलेला पट्टा देऊन दोराचे टोक बाहेरच्या माणसाकडे ठेवायचे. अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवाही चालत नव्हता. कलम २१ फिरत्या भागांना आडोसा लावण्याचे होते. कलम ३७ स्फोटक वायू असलेल्या टाकीवर वेल्डिंग करण्यास मनाई करणारे होते.

नव्या संहितेने काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने कारखाने अधिनियमासह १३ कायद्यांची जागा घेतली. कागद उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत कायम आहे. कामगारांच्या दृष्टीने काही गोष्टी सुधारल्या, काही सैल झाल्या.

सुधारणेच्या बाजूने पाहिले तर प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे आता सक्तीचे आहे. ठेकेदारामार्फत जाणाऱ्यासाठी हा कागद मोलाचा आहे, कारण अपघातानंतर पहिला वाद ‘हा आमचा माणूसच नव्हता’ असाच होतो. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले तरी सुरक्षा अधिकारी नेमावा लागेल. पूर्वी ही सर्वसाधारण अट १,००० कामगारांची होती. नियम मोडल्यामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणातील किमान दंड २५ हजार रुपये होता. या दंडातील किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

दुसरी बाजू अशी. जुन्या कायद्यात धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला, कामगारसंख्या कितीही असो, कामगार आणि व्यवस्थापनाचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती सर्वसाधारणपणे बंधनकारक होती. नव्या संहितेत ती सरकारच्या आदेशावर अवलंबून आहे. केंद्रीय कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० कामगारांवर गेली. कलम ३६ सारखे तपशील आता संहितेत नाहीत, ते मानके आणि नियमांवर सोपवले आहेत. निरीक्षकाचे नाव ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाले आहे. म्हणजे छोट्या गिरणीतील कामगाराचे संरक्षण आता बऱ्याच अंशी नियम किती काटेकोर होतात आणि तपासणी किती होते यावर ठरेल.

महाराष्ट्रात ही जबाबदारी कामगार विभागाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची आहे आणि त्याचे कार्यालय नागपुरातही आहे. बॉयलरची तपासणी बाष्पके संचालनालयाकडे असते.

नियम असूनही अपघात का?

यंत्र बंद असते तेव्हा कारखान्याची कमाई थांबलेली असते. प्रत्येक तास तोट्याचा, म्हणून सफाई लवकर संपवण्याचा दबाव असतो. हे काम बहुधा ठेकेदाराला ठरावीक रकमेत दिलेले असते. लवकर संपले तर त्याचा फायदा. वायू मोजणे, टाकीत तासभर हवा खेळवणे, बाहेर एक माणूस नुसता उभा ठेवणे हे त्याच्या हिशेबात खर्च ठरतात.

आत उतरणारे हात अनेकदा त्या गिरणीत नवे असतात. कायमच्या कामगाराला कोणता हौद ‘खराब’ आहे हे ठाऊक असते. दोन दिवसांसाठी आणलेल्या तरुणाला ते कुणी सांगत नाही. म्हणजे सर्वात धोक्याचे काम, सर्वात कमी माहिती असलेल्या माणसाकडे, सर्वात जास्त घाईत दिले जाते. कायद्याच्या लेखी मात्र ठेकेदाराचा कामगारही कामगारच असतो. कारखान्याच्या आवारात त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कारखानदाराला झटकता येत नाही.

नोंदींचाही प्रश्न आहे. मृत्यू झाला किंवा कामगार ४८ तासांहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर अपघात कळवावा लागतो. वायूने चक्कर येऊन तासाभराने सावरलेला कामगार या नोंदीत येत नाही. वास्तविक तोच पुढच्या दुर्घटनेचा इशारा असतो.

आत उतरण्याआधी काय विचारावे?

कागद कारखान्यात सफाई किंवा दुरुस्तीला जाणाऱ्याने पुढील गोष्टी विचारायलाच हव्यात.

• टाकीतील प्राणवायू, विषारी वायू आणि ज्वलनशील वायू मोजले का? कधी, कुणी? लेखी परवाना कुठे आहे?

• काम सुरू असताना वायूमापक आत चालू राहणार का?

• यंत्राच्या खटक्याला कुलूप लावले का? किल्ली कुणाकडे आहे?

• टाकीत येणारे पाणी, वाफ, लगदा यांचे नळ बंद केले का?

• पट्टा आणि दोर आहे का? बाहेर सतत कोण उभे राहणार?

• काही झाले तर वर काढण्याची आणि दवाखान्यात नेण्याची सोय काय?

जिवाला तातडीचा धोका दिसत असेल, तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देण्याचा अधिकार संहितेने कामगाराला दिला आहे. कामाला लागतानाच नियुक्तिपत्र आणि राज्य कामगार विम्याचा क्रमांक घेऊन त्याचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर ठेवावा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या विम्यात येतात. कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के दराने भरपाई मिळते आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन मिळते. क्रमांकच नसेल तर हा हक्क मिळवायला कुटुंबाला खेटे घालावे लागतात.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हा मूलभूत हक्क मानला. कुहीच्या कामगारासाठी त्याचा अर्थ अगदी साधा आहे. हौदाच्या काठावर उभा राहून ‘हवा तपासली का?’ असे त्याने विचारावे, आणि त्या प्रश्नापायी त्याचा रोज बुडू नये.